केसरीचा संपादक पुढारी झाला तेव्हा

पत्रकाराने निवडणुकीला उभे राहावे की नाही, यावर मध्यंतरी आमच्या आरे-वारे भागात बरीच खडाजंगी झाली. गावच्या बातम्या वर्तमानपत्राला धाडणारा एक तरुण ग्रामपंचायतीला उभा राहणार, अशी बोलवा होती. काही म्हणत, ज्याला गावाची गाऱ्हाणी तोंडपाठ आहेत त्याच्याइतका लायक उमेदवार कोण? त्यावर एका म्हाताऱ्याने विचारले, "मग उद्यापासून गाऱ्हाणी लिहिणार कोण?" हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. त्याच्या उत्तरासाठी दूर जायला नको. समुद्राच्या कडेच्या रस्त्याने रत्नागिरीत यावे आणि टिळक आळी गाठावी.

२३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत जन्मलेल्या बाळ गंगाधर टिळकांचे शेंगांच्या टरफलांचे प्रकरण आपल्याला शाळेत पाठ करवतात. संपादक टिळक मात्र तिथे क्वचितच भेटतात. १८८१ च्या जानेवारीत 'केसरी' निघाला तेव्हा टिळक पंचविशीचेही नव्हते. पुढच्याच वर्षी कोल्हापूरच्या दिवाणांवर टीका करताना ज्या पत्रांचा आधार घेतला ती बनावट निघाली, आणि टिळक व आगरकर दोघांनाही डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढावे लागले. हेतू कितीही शुद्ध असला तरी कागद पारखून घ्यावा लागतो, हा धडा त्यांना व्यवसायाच्या पहिल्या पायरीवरच मिळाला.

टिळकांनी राजकारणासाठी लेखणी खाली ठेवली नाही. १८९५ साली ते मुंबईच्या कायदे कौन्सिलात निवडून गेले, पण 'केसरी' चालूच राहिला. १८९६-९७ च्या दुष्काळात सरकारच्याच नियमांप्रमाणे रयतेला काय मागता येते, हे त्यातून शेतकऱ्यांना समजावले जात होते. १८९७ साली राजद्रोहाच्या खटल्यात दीड वर्षाची शिक्षा झाली, तेव्हा टिळक कौन्सिलचे सभासद होते. सभासदत्वाची ढाल त्यांच्या कामी आली नाही. १९०८ साली 'केसरी'तील लेखांवरून पुन्हा सहा वर्षे झाली आणि त्यांना मंडालेला नेले. (मंडालेचा पदच्युत राजा थिबा त्या वेळी आपल्या रत्नागिरीत अडकून पडला होता. इंग्रजांचा हा अदलाबदलीचा व्यवहार मोठा चमत्कारिक!) छापलेल्या शब्दाची किंमत स्वतः मोजणारा असा पुढारी आज दिवा घेऊन शोधावा लागेल.

येथवर आपले कोणाचेच दुमत होणार नाही. पण त्या म्हाताऱ्याच्या प्रश्नाला एवढ्याने उत्तर मिळत नाही. सरकारविरुद्ध लिहायला धैर्य लागते, हे खरेच. मात्र आपल्याच माणसांविरुद्ध लिहायला लागणारे धैर्य निराळे. सरकारने तुरुंगात घातले तर लोक हार घेऊन दारात उभे राहतात. लोकांनाच दुखवले तर हार कोण आणणार? पुढारी झालेल्या संपादकाला आपल्यामागे किती माणसे आहेत याचा हिशेब ठेवावा लागतो, आणि माझ्या मते तिथेच लेखणी अडखळते.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याचे उदाहरण घ्या. मुलीच्या संमतीचे वय १० वरून १२ करण्याची ती साधी बाब. मुलींची लग्ने सोळाव्या वर्षाआधी करू नयेत, अशी प्रतिज्ञा सुधारकांनी आधी स्वतः करावी, असे सुचवणारे टिळक या कायद्याला मात्र कडाडून विरोध करीत होते. परक्या सरकारने आपल्या धर्मात हात घालू नये, हा त्यांचा युक्तिवाद. त्यात राजकीय तथ्य होते, हे मी नाकारीत नाही. पण त्या बारा वर्षांच्या मुलीची बाजू 'केसरी'च्या वाचकाला कोणी सांगायची?

ती सांगणारा माणूस 'केसरी'तून केव्हाच बाहेर पडला होता. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर यांचे सामाजिक सुधारणेवरून सहकाऱ्यांशी बिनसले. १८८७ साली ते दूर झाले आणि पुढच्या वर्षी त्यांनी 'सुधारक' काढला. पुण्याच्या लोकांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. त्यांच्यामागे अनुयायांची फौज नव्हती, म्हणूनच बहुधा त्यांना कोणाची मर्जी सांभाळावी लागली नाही. टिळक कौन्सिलात निवडून आले त्याच १८९५ सालच्या जूनमध्ये आगरकर वारले. त्यांच्यावरचा 'केसरी'तील मृत्युलेख टिळकांनीच लिहिला.