वेगाचा आनंद आणि किल्लीची जबाबदारी

वेगाचे आकर्षण हा विकार नव्हे. झोका थांबताच 'अजून, अजून' म्हणून रडणारे दोन वर्षांचे मूल प्रत्येक बालरोगतज्ज्ञाने पाहिलेले असते. ते मूल मोठे होते, पन्नाशी ओलांडते, पण त्याची ती हौस कोठे तरी शिल्लक राहतेच. म्हणून महागड्या वेगवान मोटारींच्या नादाला केवळ 'श्रीमंती चोचले' म्हणून नाक मुरडणाऱ्यांत मी नाही. आपल्या इंदूरला तर या नादाचा राजमान्य वारसा आहे. १९३०च्या दशकात महाराजा यशवंतराव होळकर (द्वितीय) यांनी अमेरिकन ड्यूसेनबर्ग एस.जे. मोटारीवर लंडनच्या गर्नी नटिंग यांच्याकडून खास दोन आसनी सांगाडा चढवून घेतला होता. त्या काळची सुपरकारच ती!

गेल्या हिवाळ्यात हा आनंद मलाही उसना लाभला. लहानपणी माझ्याकडे लस टोचून घेताना सारा दवाखाना डोक्यावर घेणारा एक मुलगा आज यशस्वी व्यावसायिक आहे. त्याने आपली लॅम्बोर्गिनी हुराकान शनिवार-रविवारसाठी देऊ केली. "काका, काकूंना महेश्वरला घेऊन जा," म्हणाला. परंतु किल्ली हातात देण्यापूर्वी त्याने माझे लायसन्स मागितले, त्याची मुदत तपासली आणि बायपासवर तासभर शेजारी बसून माझे चालवणे पाहिले. ज्याची नाडी मी पाहिली त्याने माझी परीक्षा घ्यावी, याची प्रथम गंमत वाटली; नंतर त्याच्याविषयी आदर वाटला.

ही मोटार पुरती चार फूटही उंच नाही. तीत बसावयाचे म्हणजे जमिनीवर मांडी घालण्याचाच प्रकार. सौभाग्यवतींनी गुडघ्यांच्या वतीने निषेध नोंदविला. पाठीमागे ५.२ लिटरचे दहा सिलिंडरांचे इंजिन, ताकद ६१० अश्वशक्ती. आग्रा–मुंबई मार्गावर शेजारच्या ट्रकचे चाक आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येते. मानपूरच्या पुढे एक सरळ, मोकळा, दूरवर स्वच्छ दिसणारा पट्टा लागला. गाडी अगदी सावकाश केली आणि मग पाय दाबला. पाठ आसनात रुतली, मान मागे खेचली गेली, पोटात झोक्याच्या शेंड्यावरचा तो जुना खड्डा पडला, आणि कानांमागून जो आवाज उठला त्याला शब्द नाहीत. अवघ्या दोन-तीन सेकंदांत फलकावरची मर्यादा समोर येऊन ठेपली व पाय उचलावा लागला. पत्नी काही बोलली नाही, थोड्या वेळाने म्हणाली, "पुन्हा एकदा."

माझे सारे प्रतिपादन या दोन-तीन सेकंदांवर उभे आहे. आपल्या अंतःकर्णातील ओटोलिथ हे सूक्ष्म स्फटिक वेग मोजत नाहीत, वेगातील बदल मोजतात. विमान ताशी ८०० किलोमीटरहून अधिक वेगाने जात असता आपण निवांत चहा पितो, तो याचमुळे. ही मोटार शून्यापासून ताशी १०० किलोमीटरचा वेग ३.२ सेकंदांत गाठते, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊ-दशांश इतक्या जोराने शरीर मागे रेटले जाते. शरीराला मिळावयाचा थरार तेथेच बहुतांशी मिळून चुकतो. पुढे काटा २००वर स्थिर ठेवला तर अंतःकर्ण गप्पच असतो. वाढतो तो धोका. दीड सेकंदाच्या प्रतिक्रियाकाळात १००च्या वेगाने गाडी सुमारे ४२ मीटर जाते, २००च्या वेगाने ८३. आणि आदळण्याची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. 'पळवायची नाही तर घ्यायची कशाला?' या युक्तिवादाला शरीरशास्त्राचा आधार नाही. त्यात पुढे गणपती घाट, जेथे उतारावर ब्रेक निकामी झालेल्या ट्रकांनी वर्षानुवर्षे बळी घेतले. तेथे आपली गाडी किती चांगली थांबते याला फारसा अर्थ उरत नाही.

महेश्वरला आपल्याच व्यवसायातील एक स्नेही सहकुटुंब भेटले. त्यांचा सहा वर्षांचा नातू गाडीभोवती भिरभिरत होता. "अहो, एक फेरी मारून आणा की याला, मी मांडीवर घेऊन बसतो," असा त्यांचा आग्रह. दोन आसने, तीन माणसे! मी नकार दिला. चौदा वर्षांखालील मुलास पट्टा अथवा बालआसनाविना नेणे २०१९च्या सुधारणेनंतर दंडनीय आहे. पण दंड राहू द्या. धडक झाली तर मांडीवरचे मूल आजोबांचे वजन घेऊन पुढे आदळते, हे डॉक्टरांना सांगावे लागावे? स्नेही खट्टू झाले. नातवाला मात्र उभ्या गाडीत बसवून इंजिन सुरू करून दिले, तेवढ्यावर स्वारी तृप्त झाली.

हा विषय स्मरणिकेत मांडण्याचे खरे कारण पुढेच आहे. १९ मे २०२४ रोजी पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती असलेल्या पोर्शने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. दोघेही मूळचे आपल्या मध्य प्रदेशातले. बाल न्याय मंडळाने जामीन देताना घातलेली ३०० शब्दांच्या निबंधाची अट देशभर गाजली. आपल्याला अधिक झोंबावे ते हे, की रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयाच्या दोन डॉक्टरांना अटक झाली. न्यायालय काय ठरवायचे ते ठरवील. परंतु किल्ली देणारे हात आणि नंतर सारवासारव करणारे हात, दोन्ही सुशिक्षित घरांतले असू शकतात, हे नाकारता येत नाही.

२०२२ साली भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे दगावली. जगात ५ ते २९ या वयोगटात मृत्यूचे पहिले कारण रस्ते-अपघात आहे. गोवर-पोलिओपासून आपण वाचवलेली मुलेच ही. मेंदूचा आवर घालणारा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत परिपक्व होत राहतो, हे आपण परीक्षेत लिहिले आणि घरी सोळाव्या वर्षी मुलाच्या हाती किल्ली दिली. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ नुसार अशा वेळी पालकास वा वाहनमालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. "क्लासला उशीर होतो हो," असे म्हणणारे पालक माझ्या दवाखान्यात येतात. त्यांत डॉक्टरही असतात.

ज्यांना शिखरवेगच अनुभवावयाचा आहे त्यांच्यासाठी पिथमपूरला नॅट्रॅक्सची ११.३ किलोमीटरची वेगचाचणी धावपट्टी २०२१पासून सज्ज आहे. तेथे समोरून ट्रॅक्टर येत नाही, गाय येत नाही, शाळा सुटत नाही. आपल्या संस्थेने त्यांच्याकडे रीतसर विनंती करावी, सदस्यांसाठी आणि त्यांच्या अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलांसाठी वर्षातला एक दिवस, जाणकार चालकाच्या देखरेखीखाली, मागून पाहावा. अर्जाचा मसुदा मी करून देतो. माझा तो लसवाला मुलगा गाडी देईल. मात्र लायसन्स तपासल्यावाचून नाही.