खाट मिळाली, मान मिळाला का?

वृद्धाश्रमात दोन वेळचे जेवण आणि वेळेवर औषध मिळाले की आपण समाधान मानतो. पण पहाटे पाचला सगळ्यांना एका रांगेत आंघोळ, न विचारता केस कापणे, चालता येत असूनही डायपर, ही सेवा नव्हे. ही कर्मचाऱ्यांची सोय आहे. आम्ही परिचारिका हेच शिकलो: ज्याला स्वतः घास घेता येतो त्याला भरवू नये. वेळ लागेल, सांडेल. पण हाताची ताकद टिकेल. चालणे बंद झाले की पायांचे स्नायू आठवड्याभरातच दुबळे होऊ लागतात.

2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम 19 मध्ये गरीब वृद्धांसाठी प्रत्येक जिल्ह्यात किमान 150 जणांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे. सातारा जिल्ह्यासाठी ती मागूच. पण खाटांसोबत मानही मागू.

फलटणच्या बंधू-भगिनींनो, वाढदिवसाला वृद्धाश्रमात फळे वाटायला जाल तेव्हा थोडे बसा आणि विचारा: आजी, आंघोळीची वेळ तुम्ही ठरवता का? कपडे बदलताना पडदा लावतात का? श्रावणबाळ योजनेचे पैसे कोणाच्या हातात असतात? कोणी अरे-तुरे करते का? संविधानाच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्कात सन्मान येतो. तो वयाच्या साठीनंतर संपत नाही.