जाळे कापा म्हणता, भरपाई कोण देणार?

१९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची बैठक झाली आणि एकाच दिवशी समुद्रासंबंधीचे दोन मोठे निर्णय जाहीर झाले. पहिला निर्णय डहाणू तालुक्यातील वाढवण येथे ७६,२२० कोटी रुपयांचे बंदर उभारण्याचा. त्यावर रकानेच्या रकाने भरले गेले, मोर्चे निघाले, आजही निघतात. दुसरा निर्णय भर समुद्रात पवनचक्क्या उभारण्यासाठी ७,४५३ कोटी रुपयांच्या योजनेचा. एकूण १,००० मेगावॅट, निम्मे गुजरातच्या समुद्रात आणि निम्मे तामिळनाडूच्या. या दुसऱ्या निर्णयाची आपल्याकडे फारशी चर्चा झाली नाही. गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्कीशी महाराष्ट्रातल्या बहुजनांचा काय संबंध, असे अनेकांना वाटले असावे.

संबंध आहे आणि तो थेट पोटाचा आहे. सौराष्ट्राच्या बंदरांतून सुटणाऱ्या मासेमारी नौकांवर खलाशी म्हणून कोण जातो? डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरचा आदिवासी तरुण जातो. पाकिस्तानच्या तुरुंगात अडकलेल्या भारतीय मच्छीमारांच्या याद्या निघतात, तेव्हा त्यांत पालघर जिल्ह्यातील नावे का असतात, याचे उत्तर हेच आहे. हा माणूस नाखवा नाही, तांडेल नाही. नौका त्याची नाही, जाळे त्याचे नाही, दिशा ठरवण्याचा अधिकारही त्याचा नाही. त्याचा आहे तो फक्त जीव, आणि नौका उलटली तर पहिल्यांदा तोच जातो.

येथे एक गोष्ट स्पष्ट करू. आम्ही वाऱ्यापासून होणाऱ्या विजेच्या विरोधात नाही. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते, तेव्हा विजेचे खातेही त्यांच्याकडेच होते. स्वस्त आणि मुबलक विजेशिवाय या देशाचे उद्योगीकरण नाही आणि उद्योगीकरणाशिवाय गरिबाची सुटका नाही, ही त्यांची भूमिका जगजाहीर आहे. तेव्हा वीज हवीच. भारताच्या समुद्रात वीज देणारी एकही पवनचक्की अजून उभी नाही आणि म्हणूनच बोलण्याची वेळ आता आहे. खांब रोवल्यावर बोलून उपयोग नसतो.

प्रश्न आहे तो खांबांपेक्षा त्यांच्या खालून जाणाऱ्या केबलचा. एका पवनचक्कीपासून दुसरीपर्यंत आणि तेथून किनाऱ्यापर्यंत समुद्रतळाखालून उच्चदाबाच्या विजेच्या केबल टाकाव्या लागतात. त्या साधारण मीटरभर गाळात पुरतात, जेथे पुरता येत नाहीत तेथे वरून दगड टाकतात. पण समुद्राचा तळ म्हणजे सिमेंटची जमीन नव्हे. प्रवाहाने वाळू सरकते, गाळ वाहून जातो आणि काल पुरलेली केबल आज उघडी पडते. तळावरून जाळे ओढत नेणारी ट्रॉलर नौका आली, की जाळ्याचे तोंड उघडे ठेवणारी जड फळी त्या केबलखाली अडकते. तांडेलाला वाटते खडक असेल. तो इंजिनचा जोर वाढवतो, विंचने दोर आवळतो. दोर तळाला बांधल्यासारखा ताठ, मागून लाट. नौका एका बाजूला कलते, पाणी आत शिरते आणि काही क्षणांत खेळ संपतो.

ही कल्पना नव्हे. मार्च १९९७ मध्ये उत्तर समुद्रात 'वेस्टहेवन' नावाची स्कॉटिश मासेमारी नौका तळावरच्या नळवाहिनीत जाळे अडकून बुडाली. नौकेवरचे चारही जण गेले. तेथील मच्छीमार संघटनांनी हे प्रकरण नशिबावर सोडले नाही. आज त्या देशात समुद्राखालच्या केबल, नळवाहिन्या आणि पवनचक्क्या यांची नेमकी ठिकाणे मच्छीमाराच्या नौकेवरील यंत्रात भरण्यासाठी फुकट मिळतात. बांधकाम चालू असताना पवनचक्कीभोवती ५०० मीटर आणि पुढे साधारण ५० मीटर अंतर राखण्याचा तेथे प्रघात आहे. गोऱ्या मच्छीमाराचा जीव मोलाचा ठरला, कारण त्याची संघटना होती.

आपल्याकडे केबल ही उद्याची गोष्ट नाही. १८७० साली सुएझ-एडनमार्गे आलेली तारायंत्राची केबल मुंबईला लागली, ती इंग्रजांच्या राज्यकारभारासाठी आणि कापसाच्या भावांसाठी. आज देशाचे बहुतेक सगळे आंतरराष्ट्रीय इंटरनेट समुद्राखालच्या केबलमधून येते आणि त्यातील मोठा वाटा मुंबईत, वेसाव्याच्या किनाऱ्यावर उतरतो. म्हणजे बँका, शेअर बाजार आणि संगणक कंपन्या ज्या तारेवर चालतात, ती तार कोळीवाड्याच्या दारातून जाते. सप्टेंबर २०२५ मध्ये तांबड्या समुद्रात केबल तुटल्या आणि भारतात इंटरनेट मंदावले, तेव्हा ती मोठी बातमी झाली. खलाशी बुडाल्याची बातमी आतल्या पानावर चार ओळींत येते. कधी तेवढीही येत नाही.

तेव्हा खलाशाने काय करावे, हे आधी सांगू. जाळे अडकले, तर जोर लावू नये. इंजिनचा वेग कमी करावा, दोर सैल सोडावा, नौकेचे तोंड लाटेकडे ठेवावे. हलक्या प्रयत्नाने सुटले नाही तर दोर कापावा, कापलेल्या टोकाला बोया बांधावा, ठिकाणाचे अक्षांश-रेखांश आणि वेळ लिहून ठेवावी. वायरलेसच्या १६ क्रमांकाच्या चॅनेलवर किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर कळवावे. केबल वर आलीच, तर ती नौकेवर घेऊ नये, तिच्यावर कोयता किंवा कुऱ्हाड चालवू नये. पवनचक्कीची केबल सोडा, इंटरनेटच्या केबलमध्येही हजारो व्होल्टचा दाब असू शकतो.

हे सांगणे सोपे आहे. सरकार सांगते, कंपन्या सांगतात, रंगीत पत्रकेही छापतात. पण दोर कापायचा म्हणजे जाळे समुद्राला अर्पण करायचे. आणि जाळे म्हणजे सावकाराचे किंवा सोसायटीचे कर्ज. ते गेले की खर्च आधी वजा होतो आणि उरले तर खलाशाचा वाटा निघतो. ज्याने घरी बायकोला उचल देऊन ठेवली आहे, त्याला 'जाळे काप' असे सांगणारा दुसऱ्याच्या पैशाने शहाणा असतो. म्हणून तांडेल कापत नाही, ओढतो. सुरक्षिततेचा सगळा प्रश्न येथे येऊन थांबतो: कापलेल्या जाळ्याचे पैसे कोण देणार?

याचे उत्तर आंतरराष्ट्रीय कायद्याने फार पूर्वीच दिलेले आहे. समुद्राखालच्या तारायंत्राच्या केबलसंबंधी १८८४ साली पॅरिसला करार झाला. केबलला इजा होऊ नये म्हणून ज्याने आपला नांगर किंवा जाळे सोडून दिले, त्याला केबलच्या मालकाने भरपाई द्यावी, असे त्यात लिहिले गेले. संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या समुद्र कायद्याच्या करारात कलम ११५ मध्ये हाच नियम आहे, आणि तो नळवाहिन्यांनाही लागू आहे. अट एवढीच की मच्छीमाराने आधी वाजवी खबरदारी घेतलेली असावी आणि त्याला आपले नुकसान सिद्ध करता यावे. असे कायदे प्रत्येक देशाने करावेत, असे ते कलम सांगते. भारताने हा करार १९९५ साली मान्य केला.

मग आपला कायदा काय म्हणतो? २०२३ च्या दूरसंचार कायद्यात दूरसंचार जाळ्याचे नुकसान करणाऱ्याला शिक्षा आहे. मच्छीमाराच्या जाळ्याच्या भरपाईचे कलम त्यात शोधूनही सापडत नाही! म्हणजे एकाच कराराचा जो भाग कंपनीच्या कामाचा, तो कायद्यात आला आणि जो भाग मच्छीमाराच्या हक्काचा, तो कागदावर राहिला. कर्तव्य खालच्याला आणि हक्क वरच्याला, ही वाटणी या देशाला नवी नाही. आमच्या वाचकांना तिचे मूळ समजावून सांगण्याची गरज नाही.

खबरदारी घ्यायची तर केबल कोठे आहे हे ठाऊक हवे. नौदलाचे डेहराडूनचे जलआलेखन कार्यालय दर्यावर्दींसाठी सूचना काढते, त्या इंग्रजीत. डहाणूच्या सातवी शिकलेल्या वारली तरुणाने त्या वाचाव्यात, अशी अपेक्षा आहे काय? किती मच्छीमार सोसायट्यांच्या भिंतीवर केबलचा मराठी नकाशा टांगलेला आहे? ३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघरमध्येच पंतप्रधानांनी एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याच्या योजनेचा प्रारंभ केला. नौका कोठे आहे हे त्यातून सरकारला कळते. मग केबल कोठे आहे हे त्याच यंत्रणेतून नौकेला मराठीत, गुजरातीत का कळू नये? पाळत ठेवण्याइतकेच तंत्रज्ञान गरिबापर्यंत पोहोचते, हा अनुभव येथे तरी खोटा ठरावा.

नियम नकोत, असे मात्र कोणी म्हणू नये. मुंबई हायच्या तेलविहिरींभोवती ५०० मीटरचे सुरक्षा क्षेत्र आहे. फलाटाच्या पायांभोवती मासळी जमते, म्हणून नौका तेथे ओढल्या जातात हे खरे. पण २७ जुलै २००५ रोजी त्याच मुंबई हायमध्ये एक सहायक जहाज फलाटावर आदळले, आग लागली आणि २२ जणांचा बळी गेला. ते जहाज मच्छीमारांचे नव्हते, तरी धडा सर्वांसाठी आहे. अंतर राखलेच पाहिजे. फक्त राखलेल्या अंतरामुळे जी मासेमारीची जागा जाते, तिची किंमत कोणीतरी मोजली पाहिजे. डोलीच्या जाळ्यांबाबत तर हे अधिकच खरे आहे. डोल तळाला पक्की करून ठरलेल्या कवीत लावतात. पिढ्यान्‌पिढ्या वहिवाटीची ती कव केबलच्या मार्गात गेली, तर बोंबील पकडणाऱ्याला 'बाजूला सरक' म्हणता येत नाही. बाजूला दुसऱ्याची कव असते. गुजरातमध्ये पवनचक्क्यांसाठी ज्या पिपावावच्या समुद्रात वाऱ्याची मोजणी झाली, त्याच्या शेजारचे जाफराबाद हे डोलीच्या बोंबलाचे बंदर आहे. आणि समुद्रातल्या पवनचक्कीसाठी २०२३ च्या नियमांनी दिलेला पट्टा आहे ३५ वर्षांचा. कोकणातल्या खोतीविरुद्ध बाबासाहेबांनी १९३७ साली विधिमंडळात विधेयक आणले होते. समुद्रात नवी खोती बसू द्यायची काय, याचा विचार आज केलेला बरा.

संघटित झाले तर मिळते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. सागरी किनारा रस्त्याच्या पुलाच्या खांबांत ६० मीटर अंतर ठेवले होते. वरळीच्या कोळ्यांनी सांगितले, एवढ्यातून लाटेत नौका निघणार नाही. अभियंत्यांनी मान डोलावली नाही. कोळ्यांनी काम अडवले, चार वर्षे दम धरला. मागणी १६० मीटरची होती, शेवटी १२० मीटर मिळाले. एक खांबच कमी झाला! ठाणे खाडीवरील तिसऱ्या पुलाच्या प्रकरणात २०२१ साली मुंबई उच्च न्यायालयाने मच्छीमारांचा वहिवाटीचा आणि उपजीविकेचा हक्क मानून भरपाईचा मार्ग मोकळा केला. मात्र या लढ्यांत नौकेचा मालक दिसतो, सोसायटीचा सभासद दिसतो. परजिल्ह्यातून आलेला आदिवासी खलाशी कोणत्याच यादीत नसतो.

त्याच्यासाठी काय करता येईल, याची वाटही बाबासाहेबांनी दाखवून ठेवली आहे. मजूरमंत्री असताना डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. पुढच्याच वर्षी, १९४४ साली, कोळसा खाण मजूर कल्याण निधी स्थापन झाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर बसवला आणि तो पैसा मजुराच्या कल्याणासाठी राखला. मालकाच्या दयेवर काही सोडले नाही. समुद्रात हेच का होऊ नये? केबलच्या दर किलोमीटरमागे, पवनचक्कीच्या दर युनिटमागे अल्पसा उपकर घ्यावा आणि त्यातून कापलेल्या जाळ्याची भरपाई द्यावी. जाळे मालकाचे म्हणून जाळ्याचे पैसे मालकाला जावेत. पण त्या फेरीचा बुडालेला रोज खलाशाला थेट मिळावा. मत्स्यसंपदा योजनेत अपघाती मृत्यूला पाच लाखांचा विमा आहे. तो मेल्यावरचा. जाळे कापून जो जिवंत परत आला, त्याच्या हातात आज काहीच पडत नाही.

कलम ११५ पुरावा मागते आणि पुराव्यासाठी कागद लागतो. पावसाळी बंदीचे जून-जुलै हे दोन महिने खलाशी घरी असतो. पालघर जिल्ह्यातल्या चळवळीच्या कार्यकर्त्यांनी याच काळात पाड्यांवर बैठका घ्याव्यात. प्रत्येक खलाशाचे नाव, तो ज्या नौकेवर जातो तिचा नोंदणी क्रमांक, ठरलेला पगार आणि घेतलेली उचल एका वहीत लिहून घ्यावी आणि तिची एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयात शिक्का मारून घ्यावी. जाळे कापल्यास ठिकाण आणि वेळ कशी नोंदवायची, मोबाइलवर फोटो कसा काढायचा, हे त्याच बैठकीत शिकवावे. महाराष्ट्रात १ ऑगस्टला नौका पुन्हा समुद्रात जातात. त्याआधी ही वही तयार हवी.