शेवटचा शब्द माणसाचा

माणूस आणि यंत्र यांची सोबत जुनी आहे. नजर कमी झाली, की आपण चष्मा लावतो. दूरच्या माणसाशी बोलायचे असेल, तर टेलिफोन हातात घेतो. ही साधने शरीराबाहेर असतात. काम झाले, की ती बाजूला ठेवता येतात. आता मात्र यंत्र थेट मेंदूशी जोडले जात आहे. हे चांगले की वाईट, असे पुष्कळजण विचारतात. माझ्या मते हा प्रश्न अपुरा आहे. खरा प्रश्न असा : माणूस आणि यंत्र मिळून बोलू लागले, तर शेवटचा शब्द कोणाचा?

आधी हे काम कसे चालते ते पाहू. आपण विचार करतो किंवा हात हलवतो, तेव्हा मेंदूत अतिशय सूक्ष्म विद्युतलहरी निर्माण होतात. जर्मनीतील डॉक्टर हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूच्या लहरी पहिल्यांदा यंत्रावर नोंदवल्या. १९८८ मध्ये अमेरिकेतील फारवेल आणि डोंचिन या शास्त्रज्ञांनी त्यांचा उपयोग लिहिण्यासाठी करून दाखवला. पडद्यावर ३६ चौकटींचा तक्ता होता. त्याच्या आडव्या आणि उभ्या ओळी एकामागून एक उजळत. मनातले अक्षर उजळले, की सुमारे एक तृतीयांश सेकंदाने पाहणाऱ्याच्या मेंदूत वेगळी लहर उठे. संगणक ती टिपून अक्षर ओळखत असे. मिनिटाला जेमतेम दोन-तीन अक्षरे उमटत. पण ज्याला बोटही हलवता येत नाही, त्याच्यासाठी दोन अक्षरेही मोलाची असतात.

२०२१ मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी याच्या पुढचा प्रयोग जाहीर केला. एका माणसाचे मानेखालचे शरीर लुळे पडले होते. त्याच्या मेंदूत बारीक सुया असलेल्या दोन इवल्याशा चकत्या बसवल्या होत्या. आपण कागदावर हाताने लिहीत आहोत, अशी तो मनात कल्पना करी. हात हलत नसे, पण पडद्यावर अक्षरे उमटत. त्याचा वेग मिनिटाला ९० अक्षरे इतका होता. प्रत्येक अक्षराचे वळण वेगळे असते, म्हणून मेंदूतील लहरींवरून ते ओळखणे संगणकाला सोपे गेले. मी शिक्षक असल्यामुळे मला याचे फार अप्रूप वाटले. लहानपणी गिरवलेले अक्षर हात निकामी झाल्यावरही मेंदूत शाबूत राहते!

या प्रयोगात १०० पैकी सुमारे ९४ अक्षरे बरोबर येत. शब्दांचा अंदाज बांधून चुका सुधारणाऱ्या संगणकाची मदत घेतल्यावर हे प्रमाण ९९ च्याही वर गेले. ही कृत्रिम बुद्धिमत्तेची करामत. नेमकी इथेच सावध राहण्याची गरज आहे. असे यंत्र मन वाचत नाही. त्या जागी बहुधा कोणता शब्द येईल, याचा ते हिशेब करते. समजा, एखाद्या रुग्णाला 'पाणी नको' म्हणायचे आहे. बहुतेक लोक 'पाणी हवे' म्हणतात, म्हणून यंत्राने 'हवे' लिहिले तर? २०२३ मध्ये मेंदूतील लहरींवरून मिनिटाला ६२ शब्द ओळखणारे यंत्र तयार झाले. मोठ्या शब्दसंग्रहातून निवड करताना त्याचे चारांतील जवळजवळ एक शब्द चुकत होता. बोलता येणारा माणूस 'मी असे म्हटले नाही' असे लगेच सांगू शकतो. या रुग्णाने ते कसे सांगायचे?

पूर्वी पोस्टाच्या बाहेर पत्रे लिहून देणारी माणसे बसत. निरक्षर माणूस मजकूर सांगे आणि लेखनिक तो चांगल्या भाषेत लिही. पण चांगला लेखनिक पाकीट बंद करण्यापूर्वी पत्र वाचून दाखवी. 'असेच म्हणायचे आहे ना?' असे विचारी. यंत्रानेही हाच नियम पाळावा. आपला अंदाज आधी पडद्यावर दाखवावा, माणसाच्या होकाराची वाट पाहावी आणि नकाराची खूण सर्वांत सोपी ठेवावी. काहीजण म्हणतील, यामुळे वेग कमी होईल. होऊ द्या. झटपट आलेल्या परक्या शब्दापेक्षा उशिरा आलेला आपला शब्द बरा.

दुसरी गोष्ट भाषेची. तुम्ही घरी उर्दू बोलता आणि वर्गात मराठी शिकता. पक्षाघाताने वाचा गेलेल्या एका स्पॅनिश भाषकावरील प्रयोग २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. तो इंग्रजी नंतर शिकला होता. दोन्ही भाषांतले शब्द उच्चारण्याचा प्रयत्न करताना त्याच्या मेंदूत बरेचसे सारखे संकेत उठत होते. तो कोणत्या भाषेत बोलू पाहतो, हेही संगणक ओळखू शकला. म्हणून हे ज्ञान इंग्रजीपुरते राहू नये. उर्दू आणि मराठी बोलणाऱ्यालाही आपल्या भाषेत 'आई' किंवा 'अम्मी' अशी हाक मारता आली पाहिजे.

तिसरी गोष्ट मालकीची. अमेरिकेतील एका कंपनीने अंधांच्या डोळ्यांत बसवण्याचे दृष्टियंत्र बनवले होते. जगभरात ३५० हून अधिक लोकांनी कंपनीची यंत्रे बसवून घेतली. २०२० मध्ये ती बंद पडण्याच्या बेतात आली आणि या लोकांना दुरुस्तीसाठी वालीच उरला नाही. यंत्र डोळ्यात, पण किल्ली दुसऱ्याच्या हातात, अशी त्यांची स्थिती झाली. शरीरात यंत्र बसवणाऱ्याने आयुष्यभराची जबाबदारी घ्यावी, असा कायदा हवा. मेंदूतील माहितीलाही संरक्षण हवे. दक्षिण अमेरिकेतील चिली देशाने २०२१ मध्ये आपल्या राज्यघटनेत तशी तरतूद केली. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खाजगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. माणसाच्या मनाहून अधिक खाजगी असे दुसरे काय असणार?

मित्रांनो, मी यंत्राचा विरोधक नाही. ज्याची वाचा गेली आहे, त्याला ती परत देणारे यंत्र म्हणजे मोठीच देणगी आहे. पण वाचा परत देणे वेगळे आणि त्याच्या वतीने आपणच बोलणे वेगळे. उद्या तुमच्यापैकी कोणी डॉक्टर होईल, कोणी इंजिनियर, कोणी वकील. अशी यंत्रे तुमच्या हातून घडतील, तेव्हा एवढे लक्षात ठेवा : यंत्राने सुचवावे, माणसाने ठरवावे.