कला शाखेतील वायरमन

गेल्या दिवाळीच्या सुटीतील गोष्ट. आग्रा रोडवरील मामांच्या गाळ्यासमोर एका उघड्या टपाच्या मोटारीत, डोके खाली आणि पाय वर अशा अवस्थेत मी पडलो होतो. इतक्यात आपल्याच वर्गातील चौघेजण समोरच्या चहाच्या गाडीपाशी येऊन उभे राहिले. खरे सांगायचे तर त्या वेळी डॅशबोर्डखाली माझे काहीही काम उरले नव्हते. तरीही ते निघून जाईपर्यंत मी मान वर काढली नाही! हा लेख म्हणजे त्या दहा मिनिटांची कबुली आहे, आणि थोडी तक्रारही.

मोटार होती एम.जी. कंपनीची ‘टी.डी.’. १९४९ ते १९५३ या काळात इंग्लंडमधील ॲबिंग्डन येथे तयार झालेले हे दोन आसनी मॉडेल. ट्रक आणि टेम्पोंच्या आपल्या गावात ती परदेशी पाहुणीसारखी दिसत होती. मालकांची तक्रार साधी होती : खड्डा आला की दिवे विझतात. तेवढे दुरुस्त करून हवे होते.

मामांनी बॉनेट उघडले, तारांचा जुडगा बोटाने हलवला आणि आतील रबराचा चुरा हातावर घेऊन मालकांना दाखविला. गेल्या सत्तर वर्षांत ज्याने त्याने आपापली तार जोडून, टेप गुंडाळून वेळ मारून नेली होती. “ठिगळ मी लावून देईन,” मामा म्हणाले, “पण मग रात्री ही गाडी बाहेर काढू नका.”

ही भीती पोकळ नव्हती. ३६ वॅटचे दोन दिवे म्हणजे ७२ वॅट. १२ व्होल्टने भागले की ६ अँपिअर. एवढा प्रवाह ज्या तारेतून वाहतो, त्या तारेला या गाडीत फ्यूजच नाही. फ्यूज दोनच, ते इतर कामांसाठी. उघडी पडलेली तार पत्र्याला टेकली की जळणार ती तारच, आणि तिच्याबरोबर सगळा जुडगा. शेवटी मालकांनी संपूर्ण वायरिंग बदलण्यास होकार दिला.

मित्रहो, जुने वायरिंग उपटून नवे बसविणे एवढे सोपे ते काम नाही. जुने आधी वाचावे लागते. प्रत्येक टोक सोडविण्यापूर्वी त्याला चिठ्ठी बांधायची. माझ्या इतिहासाच्या वहीची पाठकोरी पाने त्या कामी आली. जुना जुडगा जमिनीवर पसरून त्याच मापाने नवा बांधायचा. पत्र्यातून तार जाते तिथे रबरी कडे बसवायचे. मग एकेक फाटा जोडून टेस्ट लॅम्पने तपासायचा, आणि शेवटचा दिवा लागेपर्यंत जुना जुडगा फेकायचा नाही.

या तारांना रंगांची एक भाषा आहे. तपकिरी थेट बॅटरीची, पांढरी इग्निशनची, हिरवी फ्यूजमधून पुढे गेलेली, निळी हेडलाइटची, लाल मागच्या दिव्यांची, काळी अर्थिंगची. जुन्या तारांवर सुती धाग्याचे विणलेले वेष्टण असते आणि त्यात दुसऱ्या रंगाचा एक धागा फिरत जातो. माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांनी ती तार हातात घेतली आणि म्हणाले, “अरे, हे तर आपलेच काम!”

मामांना इंग्रजी येत नाही. नकाशा वाचण्याचे काम माझ्याकडे होते, आणि त्याचा मला गर्व झाला होता. बॅटरी जोडताना मी सवयीने निगेटिव्ह टोक चॅसीला लावू लागलो. मामांनी हात धरला. जुन्या क्लँपपैकी मोठ्या भोकाचा क्लँप अर्थिंगच्या पट्टीला होता, आणि बॅटरीचे जाड टोक पॉझिटिव्ह असते! त्या काळच्या या गाड्यांत पॉझिटिव्हच चॅसीला जोडत. उलटे जोडले असते तर डायनॅमो आणि कटआउट दोन्हींवर संकट आले असते. नकाशात ते छापलेले होते. मी वाचले नव्हते, गृहीत धरले होते. पुस्तक माझ्यापाशी होते, पण वाचन मामांनी केले.

आता माझा मुद्दा. आपल्या शाखेचे नाव ‘कला’. परंपरेने सांगितलेल्या चौसष्ट कलांत सुतारकाम आणि धातुविद्याही आहेत, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या जे.जे. कलाशाळेत चित्रकला शिकावयास गेले होते. रंग ओळखण्यातील दोषामुळे चित्रकला सुटली आणि यंत्रांची रेखाटने हाती आली. बेळगावात त्यांनी सायकलचे दुकान चालविले आणि १९१० साली किर्लोस्करवाडी वसविली. (एम.जी.चे वायरिंग मात्र त्यांना अवघड गेले असते!) त्यांना हाताला तेल लागल्याची लाज वाटली नाही. मग मला का वाटावी?

कोणी म्हणतील, “महाविद्यालय म्हणजे आय.टी.आय. नव्हे.” मान्य आहे. येथे कोणी सोल्डरिंग शिकवावे असे माझे म्हणणे नाही. पण जुने नीट वाचल्याशिवाय नवे जोडू नये, आणि गृहीत धरू नये, हे इतिहासाच्या तासालाही लागू नाही काय? आपल्यापैकी कित्येकांच्या घरी माग आहेत, कोणाचे वडील सायझिंगमध्ये, कोणाचा भाऊ गोदामात. या कामांतील ज्ञानाबद्दल या अंकात सहसा कोणी लिहीत नाही. पावसाळ्यावरील कविता मात्र ढीगभर येतात. (त्यांत मागच्या वर्षी माझीही एक होती.)

म्हणून संपादक मंडळाला एक सूचना. पुढील अंकात प्रत्येक वर्गातून निदान एकाने आपल्या घरातील धंद्यावर लिहावे : काम कसे चालते, कुठे चुकते, कोण कोणाला शिकवतो. प्राध्यापकांनी ते लेख निबंधाइतक्याच कसोशीने तपासावेत.

सुटीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी त्या मोटारीचे दोन्ही दिवे लागले. मामांनी जुना जुडगा तेव्हा कुठे भंगारात टाकला. रविवारी मी गाळ्यावर असतो. त्या चौघांनी चहाला जरूर यावे. या वेळी मी मान वर काढीन.