नायक लातूरचा, पडदा कोणाचा?

अमृतसरहून नांदेडला येणारी सचखंड एक्सप्रेस दररोज पंजाबातील यात्रेकरूंना हुजूर साहिबच्या दर्शनासाठी घेऊन येते. १७०८ साली गुरू गोविंदसिंग यांनी गोदावरीच्या काठी देह ठेवला, तेव्हापासूनचे हे नाते आहे. या यात्रेकरूंतील एखाद्या तरुणाला त्याच्या आवडत्या नटाचे नाव विचारले, तर तो दिलजित दोसांझ हे नाव घेण्याचा संभव मोठा. लातूरच्या तरुणाला हाच प्रश्न केला, तर उत्तर रितेश देशमुख असे येईल. दोघेही आपापल्या भाषेचे लोकप्रिय नायक. परंतु त्यांचा प्रवास नेमका उलट दिशांनी झाला आहे. असे का व्हावे, याचा विचार मराठवाड्याने तरी करावयास हवा.

श्री. दोसांझ हे जालंधर जिल्ह्यातील दोसांझ कलां या खेड्यातले. गुरुद्वारातील कीर्तनापासून त्यांच्या गायनाला आरंभ झाला. गायक म्हणून पंजाबी घराघरांत पोहोचल्यानंतर २०११ साली ते पंजाबी चित्रपटात आले, २०१२ च्या ‘जट अँड ज्युलिएट’ने त्यांचे स्थान पक्के केले आणि हिंदी चित्रपटसृष्टीने त्यांना ‘उडता पंजाब’साठी बोलावले ते २०१६ मध्ये. तेथेही ते पंजाबी पोलिसाच्याच भूमिकेत होते. २०२३ साली अमेरिकेतील कोचेला महोत्सवात ते गायले, तेव्हा डोक्यावर पगडी होती आणि ओठांवर पंजाबी.

श्री. देशमुख यांचा जन्म १७ डिसेंबर १९७८ रोजी लातूरचा. वास्तुशास्त्राचे शिक्षण त्यांनी मुंबईत घेतले आणि २००३ च्या जानेवारीत ‘तुझे मेरी कसम’ या हिंदी चित्रपटातून पदार्पण केले. पुढे ‘मस्ती’, ‘क्या कूल हैं हम’, ‘हाउसफुल’ अशा विनोदी हिंदी चित्रपटांची रांग लागली. मराठीकडे ते वळले ते प्रथम निर्माते म्हणून. २०१३ चा ‘बालक पालक’ आणि २०१४ चा ‘यलो’ हे दोन्ही चित्रपट, ज्या विषयांना धंदेवाईक निर्माता सहसा हात लावत नाही, अशा विषयांवरचे होते. मराठी नायक म्हणून प्रेक्षकांनी त्यांना पाहिले ते जुलै २०१४ मध्ये, ‘लय भारी’त. म्हणजे मायबोलीत नायक होण्यास त्यांना अकरा वर्षे हिंदीत घालवावी लागली. २०२२ च्या ‘वेड’चे तर त्यांनी दिग्दर्शनही केले आणि महाराष्ट्राने तो डोक्यावर घेतला.

या अकरा वर्षांचा दोष एका नटावर ठेवणे सोपे आहे, पण ते अर्थशास्त्राला धरून होणार नाही. हिंदी चित्रपटाची राजधानी मराठी राज्याच्या राजधानीतच वसलेली आहे. मराठी प्रेक्षकाला हिंदी समजते, तेव्हा त्याची बाजारपेठ वेगळी राखलेली नाही; एकाच खिशातल्या पैशासाठी दोन चित्रपट झगडतात आणि त्यांतला एक दुसऱ्याच्या कित्येक पट भांडवल घेऊन उतरलेला असतो. पंजाबीची कथा वेगळी. १९४७ मध्ये लाहोर गेले आणि पंजाबी चित्रपटाचे घरच गेले. पुढे अनेक दशके पंजाबी कलावंत मुंबईत हिंदीचा संसार थाटून राहिले. पंजाबी चित्रपट पुन्हा उभा राहिला तो दोन आधारांवर. एक, कॅनडा, इंग्लंड, ऑस्ट्रेलिया येथे गेलेला आणि तेथील चलनात तिकीट काढणारा पंजाबी माणूस. दुसरा, गाण्याचा धंदा. गायक नायक झाला की तो आपला प्रेक्षक बरोबरच घेऊन येतो आणि निर्मात्याची जोखीम तेवढी कमी होते. मराठीजवळ यांतले पहिले अल्प आहे. दुसऱ्याचा उपयोग करून घेण्याची दृष्टी फारशी दिसलेली नाही.

मराठवाड्याची अडचण याहून जुनी आहे. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली कोल्हापुरात जन्मली. त्या काळी नांदेड, लातूर हे निजामाच्या राज्यात होते आणि सरकारदरबारची भाषा उर्दू होती. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हा प्रदेश मुक्त झाला, तोवर मराठी चित्रपटातील खेडे कसे दिसावे आणि तेथील पाटलाने कसे बोलावे, हे कोल्हापूर-साताऱ्याकडे ठरून गेले होते. मराठवाड्याची बोली पडद्यावर ठसठशीतपणे ऐकू येण्यास श्री. मकरंद अनासपुरे यावे लागले. ‘कायद्याचं बोला’ या २००५ च्या चित्रपटातील त्यांचा खेडवळ वकील प्रेक्षकांना हसवतो. पण हसू त्याच्या बोलीचे नसून न्यायालयाच्या भारदस्तपणाचे असते. हा फरक लहान नाही. उलट लातूरच्या नायकाचे मराठी चित्रपट पाहिले, तर ‘लय भारी’ पंढरपूरच्या विठ्ठलाभोवती फिरतो आणि ‘वेड’ची कथा मूळच्या तेलुगू चित्रपटावरून घेतलेली आहे. लातूर हे अद्याप त्यांच्या कथेचे गाव झालेले नाही.

येथे घराण्याचा उल्लेख टाळणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. बाभळगावच्या सरपंचपदापासून मुख्यमंत्रिपदापर्यंत पोहोचलेले कै. विलासराव देशमुख हे मुलाच्या पहिल्या चित्रपटाच्या वेळी मुख्यमंत्री होते. त्या नावाचा भारही कमी नव्हता. २००८ च्या मुंबई हल्ल्यानंतर विलासरावांच्या ताज हॉटेलच्या पाहणीत रितेश आणि दिग्दर्शक रामगोपाल वर्मा बरोबर होते, म्हणून केवढी टीका झाली, हे वाचकांच्या स्मरणात असेल. वडिलांच्या नावाने दार उघडते. वीस वर्षे तिकीट खपत नाही. एवढे श्रेय या नटाला द्यावेच लागेल. मात्र त्यांच्या यशावरून लातूरच्या कोणत्याही मुलाला ते दार उघडे आहे, असे कोणी समजू नये. २०१६ च्या ‘सैराट’मध्ये रिंकू राजगुरू आणि आकाश ठोसर ही कोणत्याही फिल्मी वा राजकीय घराण्यातली नसलेली मुले पुढे आली, कारण श्री. नागराज मंजुळे यांनी चित्रपट आपल्या करमाळ्याकडे नेला. मराठवाड्याकडे असा कोणी कॅमेरा वळवील काय?

सरकारी मदतीचा ओघ कोठे गेला, तेही पाहिले पाहिजे. १९७५ पासून मराठी चित्रपटांना करमणूक कराचा परतावा मिळू लागला, तो निर्मात्याने पुढचा चित्रपट काढावा म्हणून. चित्रपट निघाले, ते दाखवणारी तालुक्याची एकपडदा चित्रगृहे मात्र बंद पडत गेली. २०१७ मध्ये करमणूक कर वस्तू व सेवा करात विरला. २०२५ च्या सप्टेंबरात शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटावरील हा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, ही चांगली गोष्ट झाली. परंतु त्या सवलतीचा लाभ देगलूरच्या किंवा अहमदपूरच्या प्रेक्षकाला मिळण्यासाठी तेवढ्या दराचे तिकीट विकणारे चित्रगृह त्याच्या जवळपास असावे लागते. नगरपरिषदांच्या सभागृहांत, नाटक नसेल त्या दिवशी, डिजिटल प्रक्षेपणाची सोय करण्यास फार मोठे भांडवल लागणार नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात ललित व प्रयोगजीवी कलांचे संकुल आहे. तेथील विद्यार्थ्यांनी आपल्या बोलीत केलेला चित्रपट प्रथम नांदेड-लातूरच्याच पडद्यावर लागावा, अशी व्यवस्था करण्याचा आरंभ त्या सभागृहांपासून करता येईल.