बुडालेल्या जमिनीचा चित्रकार

पहाडी लोकांची कला म्हटली की शहरी रसिकाच्या डोळ्यांसमोर हातमागाची वस्त्रे, मण्यांच्या माळा आणि फेर धरून चाललेले नृत्य उभे राहते. सरकारी महोत्सवांनी ही समजूत चांगलीच दृढ केली आहे. ज्यांची जमीन काढून घ्यावयाची त्यांनाच वर्षातून एकदा व्यासपीठावर नाचवावयाचे, हा रिवाज काही एकट्या भारताचा नाही. बांगलादेशातील चित्रकार जयदेव रोआजा यांच्या कामाकडे पाहताना ही समजूत प्रथम बाजूला ठेवावी लागते.

रोआजा हे चितगाव पहाडी प्रदेशातील त्रिपुरा जमातीचे. जन्म १९७३ चा. कागदावर शाईने काढलेली रेखाचित्रे हे त्यांचे एक माध्यम आणि स्वतःचा देह हे दुसरे. कलाजगतात ज्याला ‘परफॉर्मन्स’ म्हणतात ते लोकांसमोर करावयाचे आणि त्यातून निघालेल्या प्रतिमा कागदावर उतरवावयाच्या, अशी त्यांची रीत आहे. चित्रांत पारंपरिक पोशाखातील स्त्रीपुरुष दिसतात. त्यांच्या अंगाखांद्यांवर झाडे, घरे, डोंगर वाढलेले असतात. इथवर महोत्सवाच्या संयोजकांचीही हरकत नसावी. परंतु त्याच कागदावर रणगाडे असतात, गणवेशातील सैनिक असतात, आणि ते सैनिक या डोंगरी माणसांना सलाम करीत असतात. ज्या प्रदेशात वाटेवाटेवर लष्करी चौकीपुढे ओळख पटवून द्यावी लागते, तेथील माणसाने असे चित्र काढावे यात विनोद आहे आणि धारिष्टही आहे.

हे सैनिक तेथे कसे आले, हे समजण्यासाठी अर्थकारणाकडेच वळावे लागते. पहाडातील जमाती पूर्वापार झूम शेती करीत आल्या. कोकणातील कातकऱ्यांच्या दळी शेतीशी तिचे जवळचे नाते आहे: राब जाळावयाचा, पेरावयाचे आणि काही वर्षे ती जागा मोकळी सोडावयाची. अशी जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नसते. म्हणून राज्यकर्त्यांच्या लेखी ती कोणाचीच नसते. पाकिस्तानी राजवटीत १९५३ साली चंद्रघोना येथे कागद कारखाना निघाला, त्याला पहाडातला बांबू लागला. मग कर्णफुली नदीवर अमेरिकी साहाय्याने काप्ताई धरण झाले. १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि सुमारे ५४,००० एकर शेतजमीन पाण्याखाली गेली. त्या प्रदेशातील लागवडयोग्य जमिनीचा तो जवळजवळ ४० टक्के भाग होता. एक लाखाच्या आसपास माणसे उठली, आणि चकमा राजाचा रांगामाटी येथील वाडाही बुडाला. वीज मैदानात गेली. कोयनेचे धरणही त्याच दशकातले. त्यामुळे हा हिशेब महाराष्ट्रातील वाचकाला निराळा समजावून सांगण्याची गरज नाही.

विस्थापितांपैकी हजारो चकमा सीमा ओलांडून भारतात आले. १९६४ नंतर त्यांना त्या वेळच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसविण्यात आले. त्यांना नागरिकत्व द्यावे असा आदेश सर्वोच्च न्यायालयाला २०१५ साली द्यावा लागला, यावरून निर्वासिताच्या आयुष्याला कोण किती किंमत देतो ते कळते.

बांगलादेश स्वतंत्र झाल्यावर तरी चित्र पालटावयास हवे होते. भाषेच्या अस्मितेसाठी रक्त सांडलेल्या राष्ट्राने इतरांच्या अस्मितेची बूज राखावी, ही अपेक्षा अवाजवी नव्हती. पण १९७२ च्या घटना परिषदेत सर्व नागरिक ‘बंगाली’ ठरविण्यात आले. मानवेंद्र नारायण लारमा हे पहाडी प्रतिनिधी त्याला विरोध करून सभात्याग करते झाले. पुढे सशस्त्र संघर्ष पेटला. १९७९ पासून सरकारने मैदानातील लाखो भूमिहीन बंगाली शेतकरी पहाडात आणून बसविले. हे वसाहतकरीही दरिद्रीच होते. मैदानात जमीनसुधारणा करावयाची नाही आणि एका गरिबाची भूक दुसऱ्या गरिबाच्या जमिनीवर भागवावयाची, असा हा सोपा मार्ग होता. दोन डिसेंबर १९९७ रोजी शांतता करार झाला. त्यानुसार जमिनीच्या तंट्यांसाठी आयोग नेमला गेला, त्याचा कायदा २००१ साली झाला, २०१६ साली तो सुधारलाही गेला; जमीन मात्र फारशी कोणाला परत मिळाली नाही. २०११ च्या घटनादुरुस्तीतही ‘आदिवासी’ हा शब्द टाळून ‘लहान जातीसमूह’ अशा नावांवर भागविले गेले.

रोआजांच्या चित्रमालिकांपैकी एक काप्ताईच्या जलाशयात बुडालेल्या स्वप्नांविषयी आहे. दुसरीचे नावच मुळांकडे परत जाण्याचे आहे. या ‘परत जाण्या’वर काही पुरोगामी मंडळी नाक मुरडतील आणि त्यात भूतकाळाची ओढ शोधतील. तो आक्षेप टिकणारा नाही. ज्याचे शेत तळ्याच्या तळाशी आहे, त्याने परत जाण्याची भाषा केली तर ती वारसाहक्काची भाषा असते. चित्रातल्या माणसाच्या खांद्यावर घर आणि झाड आहे, कारण ते ठेवावयास खाली जागा उरलेली नाही.

राहता राहिला कलाबाजाराचा प्रश्न. ही चित्रे ढाक्याच्या मोठ्या कलामेळ्यात लागली, मुंबईतल्या कलादालनापर्यंतही पोचली. संग्राहकाच्या भिंतीवर टांगलेला रणगाडा कोणाला टोचत नाही, हे खरे आहे. तरीही पहाडातील बातमी जेथे वृत्तपत्रातही जपून छापली जाते, तेथे चित्र सीमा ओलांडते आणि त्याबरोबर निदान एक प्रश्न ओलांडतो. त्याहून अधिक भार चित्रकारावर टाकणे अन्यायाचे होईल. ते काम राजकीय पक्षांचे आहे, आणि ढाक्यातील डाव्यांनी ते पुरेसे केले असे म्हणता येत नाही.

काप्ताईचे पाणी दर उन्हाळ्यात ओसरते. काठाशी बुडालेल्या जमिनीचे काही तुकडे तेवढ्यापुरते उघडे पडतात आणि पहाडी शेतकरी घाईघाईने त्यांत भात लावतात. पीक हाती येण्यापूर्वी पाणी चढणार की नाही, हे पावसावर आणि वीज खात्याच्या वेळापत्रकावर अवलंबून असते.